सोमवार, दुपारी दीड ते रात्री साडेदहा

२० मार्च २०२३ च्या सोमवारी यंत्राशी गप्पा मारण्याच्या चॅटजीपीटी या सेवेत नऊ तास एक चूक चालू होती. त्या काळात काही लोकांना स्वतःच्या पानावर भलत्याच कुणाच्या गप्पांची शीर्षकं दिसली. काहींचं नाव, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे अनोळखी माणसापुढे जाऊ शकले. कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता, कुणी चोर घुसला नव्हता. अनेकांची माहिती एकाच ठिकाणी ठेवून झटपट देण्याची जी सोय केली होती, तीच एकाचं दुसऱ्याला देऊन बसली.

हा घटनाक्रम मी वर्ध्याच्या घड्याळाप्रमाणे मांडतो आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मध्यरात्र उलटून एक वाजला होता, तेव्हा इथे दुपारचा दीड झाला होता. तिथे ही चूक झोपेच्या वेळी सुरू झाली, आपल्याकडे ऐन कामाच्या वेळी. आणि आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत सातबारा, ई-पीक पाहणी, शिष्यवृत्ती, कापसाची नोंदणी, दाखले ही सगळी कामं आता लॉगिनवर येऊन ठेपली आहेत. प्रत्येक लॉगिनमागे सेशन, म्हणजे आत आलेल्या माणसाची नोंद, सांभाळणारी काही ना काही यंत्रणा असते, आणि वापर वाढला की ती बहुतेक ठिकाणी त्या सोमवारी घसरलेल्या यंत्रणेसारखीच होते. म्हणून हा प्रसंग परक्या देशातला असला तरी आपला आहे.

२९ वर्षं आधी : १९९४

वेबपानं पोचवणारी एचटीटीपी ही पद्धत मुळातच विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलं, तर मघाचा माणूस हाच हे सर्व्हरला ठाऊक नसतं. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी यावर तोडगा काढला. सर्व्हरने ब्राउझरकडे एक छोटी खूणचिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती दर खेपेला परत दाखवायची. हीच कुकी.

पुढे रीत अशी पडली की कुकीत फक्त एक लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक ठेवायचा आणि त्या क्रमांकाचा बाकी तपशील सर्व्हरवर सांभाळायचा: माणूस कोण, कधी आला, त्याला काय पाहायची मुभा आहे. लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतच्या या तपशिलालाच सेशन म्हणतात. ‘सेशन एक्सपायर्ड’ ही पाटी न पाहिलेला माणूस आज आपल्या जिल्ह्यात शोधावा लागेल.

१४ वर्षं आधी : २००९

सर्व्हर एकच असेल तोवर हे सोपं होतं. गर्दी वाढली, एकाचे दहा सर्व्हर झाले, आणि अडचण उभी राहिली. पहिली विनंती तिसऱ्या सर्व्हरकडे गेली, दुसरी सातव्याकडे. सातव्याला तुमचं लॉगिन कसं कळावं? उत्तर असं निघालं की सेशनचा तपशील कुठल्याच एका सर्व्हरकडे न ठेवता सगळ्यांना पोचता येईल अशा सामायिक जागी ठेवावा, आणि ती जागा अतिशय वेगवान असावी.

२००९ मध्ये सिसिलीतल्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी ‘रेडिस’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. ते माहिती डिस्कऐवजी थेट मेमरीत ठेवतं, त्यामुळे उत्तर निमिषात येतं. सेशन आणि कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवण्याची जागा, या दोन्हींसाठी जगभर रेडिस वापरात आलं.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सर्व्हर रेडिसला एका जोडणीवरून, म्हणजे कनेक्शनवरून, प्रश्न विचारतो आणि त्याच कनेक्शनवरून उत्तर येतं. पण उत्तरावर ‘हे अमक्या प्रश्नाचं’ असा शिक्का नसतो. पहिलं उत्तर पहिल्या प्रश्नाचं, दुसरं दुसऱ्याचं, एवढाच करार. कोणाचं काय, हे फक्त क्रमावर ठरतं. क्रम शाबूत असेपर्यंत ही पद्धत साधी, हलकी आणि जलद आहे.

सात वर्षं आधी : २६ डिसेंबर २०१५, रात्री १.२०

पहिली घंटा नाताळात वाजली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २५ डिसेंबरचे सकाळचे ११.५० झाले होते. ‘स्टीम’ या संगणकखेळांच्या दुकानावर खोट्या विनंत्यांचा भडिमार चालू होता. भार हलका करण्यासाठी कॅशेचे नवे नियम लावले गेले. त्यातल्या एका चुकीच्या नियमामुळे लॉगिन केलेल्या माणसाचं खासगी पान कॅशेत साठलं आणि पुढच्या माणसाला तेच दाखवलं गेलं. सुमारे ३४,००० वापरकर्त्यांची पानं दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने नंतर सांगितली. दीड तासात दुकान बंद करावं लागलं.

पान वेगाने देण्यासाठी उचललेलं पाऊल होतं ते. पान सगळ्यांचं आहे की एकट्याचं, हा प्रश्न मध्येच गळून गेला.

दोन वर्षं आधी : २ मार्च २०२१

दुसरी घंटा प्रोग्रामरांच्या घरातच वाजली. जगभरचे लोक जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबला एका वापरकर्त्याने कळवलं की तो स्वतःच्या नावाने आत होता आणि अचानक दुसऱ्याच्याच खात्यात जाऊन पोचला.

शोध घेतला तेव्हा मूळ वेगाच्याच कामात निघालं. विनंती हाताळताना होणारं एक काम बाजूला काढून मागे समांतर चालणाऱ्या थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याकडे, दिलं होतं; पान लवकर मिळावं हा हेतू. पण विनंतीचा तपशील ठेवणारी मेमरीतली वस्तू नव्याने न बनवता तीच पुन्हा वापरली जात होती. मागच्या थ्रेडच्या हातात ती वस्तू असतानाच पुढची विनंती आली, तर दोघांची सरमिसळ व्हायची आणि एकाची सेशन कुकी दुसऱ्याच्या उत्तरात जायची. हे अगदी क्वचित, काही घटना ठरावीक क्रमाने जुळल्या तरच घडत होतं. गिटहबच्या हिशेबाने ०.००१ टक्क्यापेक्षाही कमी सेशन्सना याची झळ लागली. तरीही ८ मार्चला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५.३३ च्या आधी सुरू झालेली सगळ्या वापरकर्त्यांची सगळी सेशन्स गिटहबने रद्द केली. शंका आली की सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा ओळख विचारायची, हा त्यांचा निर्णय मला आजही नमुनेदार वाटतो.

साडेतीन महिने आधी : ३० नोव्हेंबर २०२२

ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं केलं आणि अपेक्षेपलीकडची गर्दी उसळली. हा भार पेलण्यासाठी वापरकर्त्यांची माहिती रेडिसमध्ये ठेवली होती. रेडिसही एक नव्हे, अनेक रेडिसचा समूह होता. सर्व्हर पायथन भाषेत लिहिलेला होता आणि रेडिसशी बोलण्यासाठी ‘रेडिस-पाय’ ही सर्वांना मोफत मिळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली जात होती.

ही लायब्ररी कनेक्शनांचा एक सामायिक साठा बाळगते. प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडायचं तर वेळ जातो. म्हणून साठ्यातलं एक घ्यायचं, काम उरकलं की परत ठेवायचं. पुढची विनंती तेच उचलते. कुठल्याही जाणत्या प्रोग्रामरने हेच केलं असतं.

सहा दिवस आधी : १४ मार्च २०२३

महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला. राज्यभरच्या सरकारी कचेऱ्यांतलं काम अडलं. त्याच दिवशी ओपनएआयने जीपीटी-४ हे नवं एआय मॉडेल जाहीर केलं आणि चॅटजीपीटीकडे नव्याने झुंबड उडाली.

तीन दिवस आधी : १७ मार्च

तेव्हा महिन्याला २० डॉलर घेणारी ‘चॅटजीपीटी प्लस’ ही सेवा भारतातल्या लोकांसाठी खुली झाली. आता आपल्याकडच्या माणसाचंही नाव, पत्ता आणि कार्डाचा तपशील त्या यंत्रणेशी जोडला जाऊ लागला.

सोमवार, दुपारी १.३०

बुधवारी गुढीपाडवा. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या किंवा वर्ध्याच्या बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांसाठी ही प्रोजेक्ट आणि सबमिशनच्या धावपळीची वेळ. रोममध्ये सकाळचे नऊ, लंडनमध्ये आठ. आशिया कामात, युरोप कामाला लागलेला, अमेरिका झोपेत.

सॅन फ्रान्सिस्कोत रात्री १ वाजता चॅटजीपीटीच्या सर्व्हरमध्ये एक बदल केला गेला. त्या बदलाचा अनपेक्षित परिणाम असा झाला की रेडिसकडे पाठवलेल्या विनंत्या मध्येच रद्द होण्याचं प्रमाण एकदम वाढलं.

विनंती रद्द होणं ही वेबवरची रोजची बाब. माणूस पान बंद करतो, वेळमर्यादा संपते, नेट तुटतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण रेडिस-पायमध्ये एक दोष दडून बसला होता. रद्द होणाऱ्या विनंत्या मोजक्या होत्या तोवर तो दिसला नव्हता. आता त्या वाढल्या.

दुपारी २ ते ४

आत काय चाललं होतं ते समजून घेऊ.

सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात गेलेल्या माणसाला रिपोर्टची खिडकी माहीत असते. समजा अशा एखाद्या खिडकीवर नाव आणि नोंदणी क्रमांक विचारायचाच नाही असं ठरलं. रांगेतल्या पहिल्याने आपली मागणी आत सरकवायची. आतून जो पहिला कागद येईल तो त्याचा. दुसरा कागद दुसऱ्याचा. रांग जागची हलली नाही तर सगळं ठीक. पण पहिल्या माणसाने मागणी आत दिली आणि कंटाळून तो निघून गेला. आतल्याला हे माहीत नाही. तो रिपोर्ट काढून खिडकीत ठेवतो. आता खिडकीशी आलेला दुसरा माणूस तो उचलतो. तिसऱ्याला दुसऱ्याचा मिळतो, चौथ्याला तिसऱ्याचा. एक माणूस उठून गेला, आणि सगळी रांग एका घराने सरकली.

रेडिस-पायमध्ये नेमकं हेच झालं. विनंती कनेक्शनवरून गेली. उत्तर घेण्याच्या आत ती रद्द झाली. तिचं उत्तर कनेक्शनमध्ये पडून राहिलं. लायब्ररीने ते कनेक्शन नीट आहे असं समजून सामायिक साठ्यात परत ठेवलं. पुढच्या, पूर्णपणे वेगळ्या माणसाच्या विनंतीने ते उचललं आणि आधीच्याचं उरलेलं उत्तर तिच्या पदरात पडलं.

दुपारी ४ ते ६

याच सोमवारी राज्य कर्मचाऱ्यांनी आपला संप मागे घेतला. सात दिवस थांबलेली कामं पुन्हा सुरू होणार होती. चॅटजीपीटीच्या सर्व्हरवर मात्र कुणाच्या नजरेत न भरता गोंधळ वाढत होता.

नजरेत का भरला नाही? कारण बहुतेक वेळा असं भलतंच उत्तर सर्व्हरला कळायचं. त्याला हवी असायची यादी, यायचा एखादा आकडा. मग तो ‘काहीतरी चुकलं’ म्हणून थांबायचा आणि वापरकर्त्याला बिघाडाचा संदेश दिसायचा. वैताग यायचा, पण गुपित फुटत नव्हतं.

खरा धोका उरलेल्या थोड्या वेळांत होता. मागणी गप्पांच्या यादीची आणि पडून राहिलेलं उत्तरही गप्पांच्याच यादीचं, पण दुसऱ्याच्या. प्रकार जुळला, आकार जुळला. सर्व्हरला शंका घ्यायला कारणच उरलं नाही. त्याने ती यादी विनातक्रार दाखवली. बरोबर दिसणारी चूक ही ओरडणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी घातक असते.

संध्याकाळी ६ ते रात्री ९

आता न्यूयॉर्कमध्ये सकाळ झाली होती. आणखी माणसं कामाला बसली, कनेक्शनं अधिक वेगाने हातोहात फिरू लागली.

या नऊ तासांत तीन प्रकारची माहिती इकडची तिकडे होऊ शकत होती. पहिली म्हणजे पानाच्या डाव्या कडेला दिसणारी आधीच्या गप्पांची शीर्षकं. एका वापरकर्त्याने समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रात चिनी समाजवादाच्या विकासावरच्या गप्पांचं शीर्षक आणि मँडरिनमधल्या गप्पा होत्या. त्यातलं काहीच आपलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरी म्हणजे दोघं एकाच सुमाराला वापरत असतील तर नव्याने सुरू केलेल्या गप्पांतला पहिला संदेश. तिसरी सर्वांत गंभीर: पैसे भरणाऱ्या ग्राहकाचं नाव, ईमेल, बिलाचा पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कार्डाची मुदत. कार्डाचा पूर्ण क्रमांक कुठेही उघड झाला नाही.

ही तिसरी माहिती दोन वाटांनी जाऊ शकत होती. वर्गणी भरल्याची पोच देणारे काही ईमेल भलत्याच माणसाला गेले. आणि कुणी या वेळात ‘माझं खातं’ उघडून ‘माझी वर्गणी सांभाळा’ यावर बोट ठेवलं असेल, तर त्याला त्याच वेळी वापरात असलेल्या दुसऱ्या ग्राहकाचा तपशील दिसू शकत होता. स्वतःचं खातं तपासायला गेलेल्या माणसाने यात काय चूक केली होती? काहीच नाही. ज्याचा पत्ता दिसला त्यानेही केली नव्हती.

रात्री १०.३०

सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे १० वाजले. पैशांच्या तपशिलाला धोका असलेली नऊ तासांची खिडकी इथे बंद झाली. शीर्षकांची सरमिसळ लोकांनी उघड केली होती. ओपनएआयने चॅटजीपीटी बंद केलं.

त्या घटकेला कंपनीपुढे शीर्षकांचाच प्रश्न दिसत होता. कार्डाच्या तपशिलाची गोष्ट खोल तपासात नंतर उघडी पडली. अशा दोषात आधी दिसतं ते बहुधा हिमनगाचं टोक असतं.

पाडवा आणि त्यानंतर

आधी सेवा परत सुरू झाली, गप्पांचा इतिहास मागाहून परतला. काही तासांचा इतिहास मात्र परत आला नाही. पाडव्याच्या सुमाराला ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी मुक्त लायब्ररीतल्या दोषामुळे काहींना दुसऱ्यांच्या गप्पांची शीर्षकं दिसल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि खेद व्यक्त केला.

शुक्रवारी, २४ मार्चला, कंपनीने सविस्तर खुलासा केला. त्या नऊ तासांत सेवा वापरणाऱ्या प्लस ग्राहकांपैकी १.२ टक्के लोकांचा पैशांसंबंधीचा तपशील उघड झाला असण्याची शक्यता होती. खुलाशात दोषाची रचना, वेळ आणि केलेले उपाय स्पष्ट लिहिले होते.

रेडिस-पायची सुधारलेली ४.५.३ ही आवृत्ती आली, पण ती पुरी पडली नाही. एका जागचं भोक बुजलं, तसंच दुसरं उरलं होतं, त्यासाठी ४.५.४ काढावी लागली. म्हणून सुरक्षादोषांच्या जागतिक नोंदीत या एकाच प्रकरणाचे दोन क्रमांक आहेत: सीव्हीई-२०२३-२८८५८ आणि सीव्हीई-२०२३-२८८५९.

३१ मार्चला इटलीच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने चॅटजीपीटीवर तात्पुरती बंदी जाहीर केली. कारणं अनेक होती, आणि २० मार्चच्या गळतीचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. २८ एप्रिलला सेवा तिथे पुन्हा सुरू झाली.

पुढचा सोमवार टाळायचा तर

तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. स्टीमने पान सामायिक केलं, गिटहबने मेमरीतली वस्तू, ओपनएआयने कनेक्शन. तिघांचाही हेतू वेग हाच होता आणि तो हेतू चुकीचा नव्हता. सामायिक केल्याशिवाय लाखोंची गर्दी पेलत नाही. चूक झाली ती हस्तांतराच्या क्षणी. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना ती वस्तू रिकामी आहे का आणि घेणारा तोच आहे का, हे कुणी विचारलं नाही.

उपायही तिथेच आहेत, आणि ते नागपूरच्या कंपनीत किंवा वर्ध्याच्या खोलीत बसून कोड लिहिणाऱ्या मुलालाही परवडणारे आहेत.

पहिला उपाय: अर्धवट राहिलेलं कनेक्शन साठ्यात परत ठेवू नका, तोडून टाका. नवं उघडायला थोडा वेळ जाईल; तो खर्च करण्यासारखा आहे. रेडिस-पायच्या दुरुस्तीचा गाभा हाच आहे.

दुसरा उपाय: उत्तरावर नाव लिहा. रेडिसमध्ये ठेवलेल्या प्रत्येक नोंदीत वापरकर्त्याचा क्रमांक असू द्या, आणि ती बाहेर काढल्यावर मागणाऱ्याच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुळला नाही तर काहीही दाखवू नका. ओपनएआयने घटनेनंतर हीच जादा तपासणी बसवली. रिपोर्टच्या खिडकीवर नाव विचारतात ते याचसाठी.

तिसरा उपाय: सेशन सडपातळ ठेवा. अनेक नवशिके सेशनमध्ये माणसाचं सगळं चरित्र कोंबतात: फोटो, पत्ता, मागच्या अर्जांची यादी. मग प्रत्येक क्लिकला हा बोजा रेडिसमधून आणला आणि परत ठेवला जातो. भार वाढतो, उत्तरं रेंगाळतात, वेळमर्यादा संपतात आणि विनंत्या रद्द होतात. म्हणजे जड सेशन थेट त्या सोमवारच्या वाटेवर नेऊन ठेवतं. सेशनमध्ये माणसाचा क्रमांक, त्याचे अधिकार आणि मुदत एवढंच असावं. बदललं असेल तरच परत लिहावं. मुदत संपली की ते आपोआप पुसलं जावं. कार्यक्षमता आणि सुरक्षितता इथे एकाच बाजूला उभ्या आहेत.

चौथा उपाय जुन्या पीएचपी प्रकल्पांसाठी. पीएचपी मूळ मांडणीत सेशन फाइलमध्ये ठेवतं आणि एक विनंती चालू असेपर्यंत ती फाइल कुलूपबंद करतं. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन विनंत्या एकमेकींसाठी अडून राहतात. याला वैतागून लोक कुलूप काढतात किंवा सगळं रेडिसवर नेतात. तसं करण्याआधी सेशन वाचून झालं की ते लगेच बंद करून पाहा. बहुतेकदा अडचण तेवढ्यानेच सुटते. कुलूप उगाच नव्हतं हे ध्यानात असू द्या.

पाचवा उपाय: लॉगिननंतरचं कुठलंही पान सामायिक कॅशेत साठणार नाही अशी स्पष्ट सूचना सर्व्हरकडून द्या. लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदला. लॉगआउट केल्यावर कुकी पुसण्यावर थांबू नका, सर्व्हरवरची नोंदही नष्ट करा.

आणि चाचणी घ्या ती गर्दीची. एक मुलगा, एक ब्राउझर, एक लॉगिन अशा चाचणीत हे दोष जन्मात सापडणार नाहीत. शंभर खाती एकदम चालवा, त्यांच्या विनंत्या मुद्दाम मध्येच तोडा आणि प्रत्येक उत्तरात नाव बरोबर आहे का ते यंत्राकडूनच तपासून घ्या.

आपल्या जिल्ह्यासाठी

आपल्याकडे ही गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण इथे यंत्रही सामायिक असतं. ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि गावात तसंच होतं. ज्याच्याकडे चांगला फोन तो शेजाऱ्यांचीही पिकं नोंदवतो. सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रांत एकाच संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या माणसांची लॉगिनं होतात. परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तिथेच भरले जातात. अशा जागी मागच्या माणसाचं सेशन पुरतं संपल्याशिवाय पुढच्याचं सुरू होऊ नये, ही अॅप बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. गावातल्या माणसाला ‘लॉगआउट का केलं नाहीस’ म्हणून झापणं सोपं आहे. पण ‘आता दुसऱ्या खातेदाराची नोंद’ असं बटण दाबताच आधीच्याची प्रत्येक खूण पुसणं हे कोडचं काम आहे.

कायदाही आता मागे उभा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गळती झाली तर संबंधित मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्यालाही कळवावं लागेल. ‘थोड्याच लोकांचं दिसलं’ हे उत्तर चालणार नाही. १.२ टक्के हा आकडा लहान वाटतो. ज्याच्या घरचा पत्ता परक्याने वाचला, त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो.

वाचकांना एक विनंती. कधी कुठल्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमध्ये दुसऱ्याचं नाव, सातबारा किंवा रिपोर्ट दिसला, तर पुढे काही पाहू नका. त्याचं चित्र गटांवर फिरवू नका. वेळ लिहून ठेवा, लॉगआउट करा आणि त्या सेवेच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा. गिटहबचा दोष एका वापरकर्त्याने वेळेवर कळवल्यामुळेच उजेडात आला. आणि जे कोड लिहितात त्यांना एवढंच सांगणं आहे: माहिती ज्याची आहे त्याचं नाव विचारून मगच ती हातात द्या. वेग त्यानंतर.